दोन नियुक्तिपत्रे हातात आहेत, कोणते स्वीकारावे?

प्रश्न (रामबाग, इंदूर): मी एटीआर ७२ या लहान प्रवासी विमानावर सहवैमानिक असून माझे सुमारे १,२०० तास झाले आहेत. एका मोठ्या कंपनीने एअरबस ए३२० हे मोठे विमान आणि दिल्ली बेस (ड्यूटी जिथून सुरू होते ते ठिकाण) देऊ केला आहे. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विमानासाठी लागणाऱ्या प्रशिक्षण-परवान्याचा, खर्च तीच करणार, पण पाच वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून द्यावा लागेल. दुसरी कंपनी लहान, बेस हैदराबाद, विमान एटीआरच, आणि लवकर कमांड (कॅप्टनपद) देण्याचे तोंडी आश्वासन. पगारात फारसा फरक नाही. आई-वडील इंदूरलाच असतात आणि वडिलांची तब्येत हल्ली नरमगरम असते. घरच्यांचा कल मोठ्या कंपनीकडे आहे.

उत्तर १ (निवृत्त कॅप्टन, बडोदा): कमांडसाठी एटीपीएल हा वैमानिकाचा वरचा परवाना लागतो आणि एटीपीएलसाठी एकूण १,५०० तास, तेवढे भरले तरी जागा निघाल्याशिवाय खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी चढत नाही. म्हणून मागवलेल्या विमानांचे आकडे ऐकून हुरळून न जाता, आज प्रत्यक्ष उडणारी विमाने किती आणि ज्येष्ठता यादीत तुमच्यापुढे किती सहवैमानिक आहेत, हे दोन्हीकडे विचारा. कंपनी बदलली की यादीत तळापासून सुरुवात होते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा मुरलेल्या वैमानिकांनाही नव्याने रांगेत उभे राहावे लागले. त्या कंपन्या काही लहान नव्हत्या, हे घरच्यांना अवश्य सांगा.

उत्तर २ (ए३२० वरील सहवैमानिक, इंदूर): माझा बेस दिल्लीच आहे. आठवड्याची विश्रांती आता सलग ४८ तासांची असल्यामुळे घरी येणे कागदावर सोपे दिसते. परंतु ड्यूटी रात्री उशिरा संपली तर इंदूरचे शेवटचे विमान निघून गेलेले असते, आणि स्टाफ तिकिटावर जागा मिळेलच याची खात्री नसते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर परतीचे गणित पुरते कोलमडते. स्टँडबायच्या, म्हणजे ऐनवेळी बोलावणे येऊ शकते अशा दिवशी बेसवरच राहावे लागते, ते वेगळे. दोन्ही बेसवरच्या एखाद्या सहवैमानिकाकडून मागच्या महिन्याचा रोस्टर (ड्यूटीचे वेळापत्रक) मागून घ्या आणि त्यातले कोणते दिवस वडिलांजवळ काढता आले असते, ते स्वतः मोजा.

उत्तर ३ (वैमानिक, ग्वाल्हेर): नोटिशीचा मुद्दा राहून गेला. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची, तर कमांडरला (कॅप्टनला) एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. सध्याच्या कंपनीत महिन्याला पन्नासेक तास मिळत असतील, तर नोटिशीच्या काळातच तुमचे १,५०० तास भरतील. मग लहान कंपनीला तोंडी आश्वासनाऐवजी कमांड प्रशिक्षण केव्हा सुरू करणार हे लिहून मागता येईल. लेखी द्यायला ती तयार नसेल, तर काय ते समजून घ्या. मोठ्या कंपनीच्या बाँडमध्ये रक्कम दरवर्षी कमी होत जाते की शेवटपर्यंत पूर्णच राहते, आणि प्रशिक्षण अर्धवट राहिल्यास ती कोणी भरायची, ही कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत.

प्रश्नकर्ता: सर्वांचे आभार. नोटिशीच्या काळात भरणाऱ्या तासांचा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. हैदराबादच्या कंपनीला आजच लेखी विचारणा करतो; उत्तर येईपर्यंत राजीनामा देणार नाही.