विषय: लग्नपत्रिकेवर "बंदूक आणू नये" छापायचं का?

लश्करहून मामा

मंडळी, नमस्कार. अमेरिकेतल्या बंदुकांवर तुम्ही सगळे इतके दिवस लिहिताय, मी नुसता वाचत होतो. आता इथलं, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं सांगतो. परवा मागच्या मॅरेज गार्डनात वरात आली, डीजे आणि त्यात फायरिंग, आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि झोपलो. सकाळी गच्चीवर गेलो तर पत्र्याला करंगळी जाईल एवढं भोक, आणि खाली नातवाच्या खाटेवर, उशीपासून वीतभर अंतरावर, नाक चेपलेली गोळी. उन्हाळ्यात पोरगा तिथेच झोपतो हो! त्या रात्री ताप होता म्हणून खाली निजवला होता. ठाण्यात गेलो तर "कोई मरा तो नहीं ना दादा?" एवढंच विचारलं.

कायदा नाही असं नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत लग्नात, देवळात, गर्दीत असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लायसन्सवर तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवता येतात. पण वरातीत दोनशे माणसं नाचत असतात, गोळी कोणाची हे सांगणार कोण? म्हणून मला वाटतं जबाबदारी यजमानावर आणि गार्डनवाल्यावर टाकावी. गेटवर बंदूक जमा करा, मग आत या. निवडणुकीत आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करतातच ना, तेव्हा कोणाची इज्जत जात नाही.

ओहायोहून भाची

मामा, वाचून हातपाय गार पडले. बाळ कसं आहे?

इथे माझी लेक पहिलीत आहे, तिला शाळेत शिकवलंय की कोणी बंदूक घेऊन शिरलं आणि दिवे बंद झाले की कोपऱ्यात बसायचं आणि आवाज करायचा नाही, मागच्या आठवड्यात घरी बाहुल्यांना तसंच बसवून खेळत होती, मी स्वयंपाकघरातून बघितलं आणि कणीक मळता मळता थांबलेच. आता तिला कोणाकडे खेळायला पाठवायच्या आधी मी फोन करून विचारते, घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का. सुरुवातीला फार संकोच वाटायचा. दुकानदाराला पिस्तुलासोबत कुलूप द्यावंच लागतं, पण घरी नेऊन ते लावायलाच हवं असा देशभराचा कायदा नाही, राज्याराज्यात वेगळं. दुकानात घेणाऱ्याची चौकशी होते, पण खासगी माणसाकडून घेतली तर बऱ्याच राज्यांत तीही नाही. आणि इथे बंदुकीने जे मरतात त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, त्यावर कोणी बोलतच नाही. तुमच्याकडे निदान लायसन्स तरी मागतात मामा, ते सोडू नका.

मुरारहून (ग्वाल्हेर) दादा

मामा, काळजी कळते, पण थोडं वेगळं म्हणतो. भिंड-मुरैन्याकडे एकट्या शेतावर राहणाऱ्या माणसाला पोलीस पोचेपर्यंत बंदुकीचाच आधार असतो. फूलनदेवीने भिंडला शस्त्रं ठेवली ते १९८३ साल, फार जुनी गोष्ट नाही. लायसन्सवाल्याला छळून काय मिळणार, गुन्हे होतात ते कट्ट्याने, म्हणजे बिनलायसन्सच्या गावठी पिस्तुलाने. आणि खरं सांगायचं तर आपल्या मराठी घरांचा ह्या बंदूकबाजीशी संबंध काय?

लश्करहून मामा

दादा, शेतावरच्या माणसाची बंदूक काढा असं मी म्हटलंच नाही. तो ती रात्री उशाशी ठेवतो, वरातीत मिरवत नाही. माझ्या गच्चीवरची ती गोळी ३१५ बोअरची आहे, रायफलची, आणि गार्डनवाला स्वतःच म्हणाला की रायफल लायसन्सची होती, मुलीच्या मामांची. म्हणजे कट्ट्याचं नाव इथे काढून उपयोग नाही.

आणि संबंध काय म्हणतोस? ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर गोडसेने झाडलेलं बेरेटा पिस्तूल ह्याच ग्वाल्हेरातून मिळवलं होतं. लहानपणी आमच्या घरात त्यावर कोणी बोलायचं नाही, वडील विषय निघाला की उठून जायचे. गप्प बसण्याची ती सवय मला नको आहे.

भाचे, बाळ ठीक आहे, ताप उतरला. पत्र्याचं भोक मी अजून बुजवलेलं नाही, नगरसेवकाला आणून दाखवायचंय.

मंडळी, मार्गशीर्षात आपल्या पुतण्याचं लग्न आहे. गार्डनवाल्याकडून लेखी घेतलंय, हत्यार दिसलं तर डीजे बंद. पत्रिकेवर ओळ कुठे टाकायची तेवढं सांगा, "आहेर आणू नये" च्या खाली की वर? मंगळवारी छापायला द्यायचीय.