न्यू जर्सीहून अ‍ॅडिरॉन्डॅकला कॅम्पिंग: घरचं सरपण गाडीत घालून न्यावं का?

एडिसनकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर चार कुटुंबं न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरात, लेक जॉर्जच्या वरच्या अंगाला तीन रात्री तंबू ठोकणार आहोत. मागच्या अंगणातलं अ‍ॅशचं झाड गेल्या फॉलमध्ये पाडलं. झाडवाल्याने सोळा-सोळा इंचांचे ओंडके करून दिले, ते फोडून ताडपत्रीखाली रचलेत. वर्ष होत आलं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो, म्हणजे चांगलं वाळलंय. कॅम्पग्राउंडवर जुडी विकत घ्यायची तर तीन रात्रींचा खर्च बराच होतो, म्हणून हेच डिकीत भरून न्यायचा विचार आहे. कुणीतरी म्हणालं की लाकूड नेऊ देत नाहीत. तीन शंका:

१. खरंच बंदी आहे का, की नुसत्या पाट्या?
२. साल सोलून नेलं तर चालेल का?
३. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात ‘किल्न ड्राइड’ लिहिलेल्या जुड्या मिळतात, त्या इथूनच घेऊन गेलो तर?

रानवाट

पहिल्याचं उत्तर: बंदी आहे, आणि ती कायद्याने आहे. लाकडात दडलेले, झाडं मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या राज्यातून सरपण आणायचं तर ते उष्णताप्रक्रिया केलेलंच लागतं. अंतर किती, लाकूड कुठल्या झाडाचं, वाळलेलं की ओलं, यातलं काहीही विचारात घेतलं जात नाही. न्यूयॉर्कच्या आतसुद्धा प्रक्रिया न केलेलं लाकूड उगमापासून ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या जागेतलं झाड असेल तर मालकाने उगमाचा दाखला स्वतः भरून सोबत ठेवायचा असतो, पण तोही त्या ५० मैलांपुरताच. तुमचा एडिसन ते लेक जॉर्ज प्रवास दोनशे मैलांच्या वर जातो, शिवाय राज्याची हद्द ओलांडतो. दोन्हीकडून अडलात.

उष्णताप्रक्रियेची अट अशी: लाकडाच्या गाभ्याचं तापमान ७१ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे आणि तिथे सलग ७५ मिनिटं टिकलं पाहिजे. भट्टीतल्या हवेचं तापमान यात धरत नाहीत. सर्वांत जाड ढलपीला मधोमध भोक पाडून त्यात तापमापीची कांडी बसवतात आणि ती ७१ दाखवायला लागली की मग घड्याळ सुरू करतात. लाकूड उष्णता फार सावकाश आत नेतं, म्हणून भट्टी बराच वेळ आधीपासून तापवावी लागते. घरच्या ओव्हनमध्ये हे करू असं कुणी सुचवण्याआधीच सांगतो: आग लागायचा धोका आहे, आणि इतकं करूनही हातात प्रमाणपत्र येत नाही.

तिसऱ्या शंकेत लोक हमखास फसतात. ‘किल्न ड्राइड’ म्हणजे भट्टीत वाळवलेलं. वाळवणाऱ्याला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आणायचा असतो आणि ते कमी तापमानाला जास्त दिवस ठेवूनही साधतं. किडे मारण्याची हमी त्या दोन शब्दांत नाही. जुडीच्या वेष्टणावर ‘हीट ट्रीटेड’ असा स्पष्ट उल्लेख, उत्पादकाचं नाव आणि प्रमाणित असल्याचा शिक्का किंवा लेबल हवं. ते असेल तर बिनधास्त न्या, पण लेबल फाडून शेकोटी पेटवायला वापरू नका. विचारलं तर दाखवायला तेवढंच असतं.

गाभा

खणखणीत आवाजाबद्दल थोडं. त्या आवाजावरून ओलावा कळतो, आत कोण राहतंय ते कळत नाही.

अ‍ॅश म्हटलं की पहिला संशय एमराल्ड अ‍ॅश बोररवर. ईशान्य आशियातला हा हिरवा चकचकीत भुंगेरा, जेमतेम अर्धा इंच लांब. अमेरिकेत तो २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात पहिल्यांदा ओळखला गेला. न्यू जर्सीत २०१४ मध्ये सॉमरसेट काउंटीतल्या ब्रिजवॉटरला सापडला, म्हणजे एडिसनच्या शेजारीच. उडून उडून तो वर्षाला थोडेच मैल सरकतो. गाडीत बसला की एका वीकेंडला दोनशे.

मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळी सालीच्या लगेच खाली, जिथून झाडाचं अन्न वाहतं त्या थरात, नागमोडी बोगदे कोरत जाते. असे बोगदे सगळीकडून झाले की झाडाचा अन्नपुरवठा तुटतो. हिवाळ्याच्या तोंडाला पूर्ण वाढलेली अळी सालीत किंवा वरच्या लाकडात अर्ध्या इंचापर्यंत घर करते, दुमडून बसते आणि खाणं थांबवते. वाळवण्याचा उपाय इथेच लंगडा पडतो. जी अळी खातच नाही, तिला लाकूड ओलं असलं काय आणि सुकं असलं काय. मेअखेर-जूनमध्ये ती भुंगेरा होऊन बाहेर पडते. काही अळ्यांना दोन वर्षं लागतात, त्यामुळे झाड पाडल्यानंतर दुसऱ्या उन्हाळ्यातही लाकडातून भुंगेरे निघू शकतात. तुमच्या ढिगाला एकच उन्हाळा गेलाय.

ढिगातली चार-सहा ढलप्या उचलून सालीच्या बाजूने पाहा. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, एक बाजू सपाट, इंग्रजी ‘डी’ आडवा ठेवल्यासारखं, दिसलं की त्यातून भुंगेरा निघून गेलाय. मग सुरी घालून साल उचका. खाली नागमोडी रेघ आणि तिच्यात दाबून भरलेला बारीक तपकिरी भुसा असेल तर शंका उरत नाही. मात्र काहीच दिसलं नाही तर निर्धास्त होऊ नका. हा किडा शेंड्याकडून सुरुवात करतो. माणसाच्या उंचीवर खोडाला भोकं दिसेपर्यंत वरच्या फांद्या कधीच्या पोखरलेल्या असतात, आणि सरपणात त्याच फांद्या येतात.

साल सोलण्याचं: अ‍ॅश बोररसाठी सालीबरोबर खालचं अर्धा इंच लाकूडही काढायचं, असा एक मान्य उपाय संघराज्याच्या नियमांत होता. नुसती साल काढून भागत नाही ते वर सांगितलेल्या कारणामुळेच. एकेका ढलपीवरून अर्धा इंच तासत बसणार का? आणि एवढं तासूनही न्यूयॉर्कच्या हद्दीवर ते चालत नाही.

तिरकस

एक आगाऊ प्रश्न. अ‍ॅश बोररवरचं संघराज्याचं क्वारंटाइन (लागण झालेल्या भागातून लाकूड बाहेर नेण्यावरचे निर्बंध) सरकारने स्वतःच १४ जानेवारी २०२१ ला उठवलं. तो सगळीकडे पोचलाय म्हणूनच ना? मग चार ओंडक्यांवरून एवढी धावपळ कशाला?

रानवाट

क्वारंटाइन उठलं हे बरोबर. ते किड्याला अडवू शकलं नाही, म्हणून पैसा जैविक नियंत्रणाकडे वळवला. अळ्यांवर आणि अंड्यांवर वाढणाऱ्या बारीक परजीवी गांधीलमाश्या मिशिगनमध्ये २००७ पासून सोडल्या जात आहेत. पण राज्यांचे सरपणाचे नियम त्यामुळे रद्द झाले नाहीत.

‘सगळीकडे पोचला’ हेही नकाशावरून वाटतं तेवढं खरं नाही. काउंटी लाल रंगवली की आतलं प्रत्येक जंगल लागलंय असं होत नाही. किडा पाच-सात वर्षं उशिरा पोचला तर तेवढ्या काळात निवडक झाडांच्या खोडात इमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशक टोचता येतं (त्याचा परिणाम दोन-तीन वर्षं टिकतो), बी गोळा करता येतं, परजीवी माश्यांना जम बसवायला वेळ मिळतो. उत्तर न्यूयॉर्कमधले अक्वेसास्नेचे मोहॉक लोक काळ्या अ‍ॅशच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. ते झाड गेलं तर बदली लाकूड नाही.

शिवाय सरपणातून जाणारा तो एकटाच नाही.

गाभा

रानवाट यांच्या शेवटच्या ओळीला जोडून. मला अ‍ॅश बोररपेक्षा एशियन लाँगहॉर्न्ड बीटलची धास्ती जास्त वाटते. कोकणातल्या मंडळींना तो कळायला सोपा आहे: भिरूड लागलेलं आंब्याचं खोड आठवा, बुंध्याशी पडलेला भुशाचा ढीग आठवा. आपला भिरूड आणि हा एकाच कुळातले, लांब मिशांचे. हा काळा तुळतुळीत, अंगावर पांढरे ठिपके, मिशांवर काळे-पांढरे पट्टे. ब्रुकलिनमध्ये १९९६ ला सापडला, जर्सी सिटीत २००२ ला. न्यू जर्सीतून त्याचं उच्चाटन झाल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला २००८ मध्ये सापडला तेव्हा तिथली तीस हजारांहून अधिक झाडं पाडावी लागली.

तो मेपलवर जातो, आणि अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये मेपलच मेपल. त्याचं बाहेर पडायचं भोक गोल असतं, पेन्सिल सहज आत जाईल एवढं. याची अळी सालीखाली थांबत नाही, थेट लाकडात खोल शिरते. त्यामुळे साल सोलणं इथे पूर्ण निरुपयोगी. उष्णता गाभ्यापर्यंत का पोचायला हवी, याचं उत्तर या अळीत आहे.

खाडीपार

कॅलिफोर्नियातून एक भर. झाडं मारणारा किडा परदेशातूनच येतो असंही नाही. आमच्याकडचा गोल्डस्पॉटेड ओक बोरर मूळचा शेजारच्या अ‍ॅरिझोनाचा. तिथे तो ओकला फारसा त्रास देत नाही. सॅन डिएगो काउंटीतले ओक तोच मारतोय हे २००८ मध्ये लक्षात आलं, आणि तो सरपणातूनच आला असावा असं मानतात. मधलं वाळवंट त्याला उडून पार होण्यासारखं नाही.

ग्रेट स्मोकी माउंटन्सला जाणाऱ्या अटलांटा-शार्लटकरांनीही लक्षात ठेवा: तिथल्या राष्ट्रीय उद्यानात २०१५ पासून बाहेरून आणलेलं सरपण प्रमाणित उष्णताप्रक्रियेचंच लागतं.

एडिसनकर

पटलं, लाकूड नेत नाही. मग तीन रात्रींना किती जुड्या लागतील? माल ठेवायचं लाकडी पॅलेट फोडून नेलं तर? आणि घरच्या ढिगाचं काय करू?

रानवाट

बाजारातली नेहमीची जुडी पाऊण घनफुटाच्या आसपास असते. मध्यम शेकोटीला ती तास-दीड तास पुरते. संध्याकाळी तीन-चार तास बसणार असाल तर रात्रीला तीन, म्हणजे तीन रात्रींना नऊ, आणि सकाळच्या चहाच्या आगीला एक-दोन वर. चार कुटुंबं एकाच शेकोटीभोवती बसलात तर बराच खर्च वाचतो. एकेक कुटुंब आपापली आग लावून बसलं की बजेट जळतं. दहा मैलांच्या आतलं लाकूड सर्वांत चांगलं, पन्नास ही कमाल मर्यादा. वेष्टणावर उगमाचं गाव किंवा काउंटी लिहिलेली असते, ती वाचूनच घ्या. राज्याच्या कॅम्पग्राउंडवर खाली पडलेलं मेलेलं लाकूड वेचून जाळता येतं. उभं झाड, अगदी वाळलेलं असलं तरी, तोडायचं नाही.

पॅलेटच्या फंदात पडू नका. त्यावरच्या ‘एचटी’ शिक्क्याचा अर्थ ५६ अंशांना ३० मिनिटं, ती अट वेगळी आणि सौम्य आहे. ‘एमबी’ शिक्का असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते तर जाळायचंच नाही. आणि खिळे राखेत राहतात, अनवाणी पोरं त्यावर पाय देतात.

चुकून कुणी लाकूड आणलंच तर ते परत नेऊ नका, पुढच्या पाहुण्यांसाठी ठेवू नका आणि रानात भिरकावू तर मुळीच नका. पहिल्याच रात्री सगळं जाळा. डिकीत पडलेला सालीचा चुरा झाडून तोही आगीत टाका. तो चुरा बहुतेक जण विसरतात.

गाभा

निघण्याआधी आणखी एक तपासणी करा, कारण सप्टेंबरअखेर म्हणजे स्पॉटेड लँटर्नफ्लाय या किड्याचा अंडी घालायचा हंगाम. हा २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडला आणि न्यू जर्सीत आता पसरलेला आहे. त्याला लाकूडच लागतं असं नाही. खुर्चीची नळी, कूलरचा तळ, ग्रिलचा पाय, गाडीच्या चाकावरची कमान, काहीही चालतं. अंडीपुंज इंचभर लांब, राखाडी, वाळलेल्या चिखलाचा फराटा वाटतो, म्हणून नजर त्यावरून सरकते. एका पुंजात ३० ते ५० अंडी. जुनं प्लास्टिक कार्ड आडवं धरून खरवडा, थेट रबिंग अल्कोहोल किंवा हँड सॅनिटायझर असलेल्या झिपच्या पिशवीत पाडा, तोंड बंद करून कचऱ्यात. खाली जमिनीवर पाडलं तर अंडी उबतात. वर्षभर अंगणात पडून असलेल्या खुर्च्या आणि ताडपत्री आधी पाहा. तुमच्या लाकडाच्या ढिगावरची ताडपत्री तर नक्कीच, तीच तंबूखाली अंथरायला नेणार असाल तर.

घरचा ढीग घरीच जाळा. फायरप्लेस असेल तर या हिवाळ्यात अ‍ॅश आधी संपवा, बाकी लाकूड नंतर, म्हणजे मेमध्ये भुंगेरे निघायच्या आत ढीग गेलेला असेल. पुरून उरणारं असेल तर झाडवाल्याला बोलावून चिपरमधून, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्रातून, काढून घ्या. चिपा दोन बाजूंनी एक इंचापेक्षा लहान हव्यात, तेवढ्यात अळी वाचत नाही. त्याच चिपा अंगणातल्या झाडांच्या बुंध्याभोवती पसरा. आणि ‘फुकट सरपण, घेऊन जा’ अशी पाटी लावून ढीग रस्त्यावर ठेवू नका, ते कुणाच्या डिकीतून कुठे जाईल याचा पत्ता लागत नाही.

एडिसनकर

आताच सात-आठ ढलप्या पाहिल्या. दोनांवर ती सपाट बाजूची भोकं आहेत, एकीची साल उचकली तर खाली नागमोडी भुसा. चिपरवाल्याला फोन करतो. इंचाचं त्याला आधी सांगावं लागेल का, की यंत्रावर ते ठरलेलं असतं?

गाभा

आधी सांगा. पात्यांची धार आणि मांडणी यावर चिपांचा आकार ठरतो, आणि बोथट पाती लांबलचक चिंध्या काढतात. पहिली बादलीभर चीप हातात घेऊन फूटपट्टी लावा, मगच पुढचं घालू द्या.