मृग लागला, मग मृग दिसत का नाही? (शब्दचर्चा : आकाशातले शब्द)

पाटीपेन्सिल :
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी सोळा पानांची पुस्तिका लिहायला घेतली आहे. सूर्यमालेपासून सुरुवात आणि विश्वाच्या जन्मापाशी शेवट. वाचणारी मुलं सहावी-सातवीतली. विषय समजावणं जमतंय, पण शब्दांशी अडतंय.

परवा फळ्यावर लिहिलं, ‘सूर्य हा तारा आहे, ग्रह नाही.’ एक मुलगी उठून म्हणाली, ‘बाई, आमच्या वास्तुशांतीला नवग्रह मांडले होते, त्यात मधोमध सूर्यच होता.’ तिचंही खोटं नाही आणि माझंही. पण दोन्ही खरं कसं, ते मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. तसंच नक्षत्राचं. तसंच ‘आकाशगंगा’ एक की अनेक, त्याचं. आणि शेवटच्या पानावरचा ‘महास्फोट’ वाचून मुलं विचारतात, ‘स्फोट कुठे झाला?’ जाणकारांनी हात द्यावा.

शब्दवेल्हाळ :
ताई, ग्रहापासून सुरू करू, कारण गुंता तिथेच सुरू होतो.

‘ग्रह्’ म्हणजे धरणे, पकडणे. ग्रहण, ग्राहक, आग्रह, अनुग्रह ही सगळी त्याच घरातली. ग्रह म्हणजे पकडणारा. ‘ग्रहबाधा’ या शब्दात तो अर्थ अजून धडधडीत आहे. ग्रीकांच्या शब्दाचा अर्थ मात्र ‘भटक्या’. नावं वेगळी पडली तरी यादी ठरवायची कसोटी दोन्हीकडे जवळपास तीच होती : मागची तारकांची नक्षी जिथल्या तिथे राहते आणि हे मोजके गोळे तिच्यातून सरकत जातात. या कसोटीला सूर्य उतरतो, चंद्रही उतरतो. आपले सात वार त्या सातांवरूनच आले. राहू आणि केतू दिसत नाहीत, कारण ते गोळेच नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला दोन ठिकाणी छेदते, ते दोन पातबिंदू म्हणजे राहू-केतू. ग्रहणं त्यांच्या आसपासच होतात, म्हणून ग्रहणाच्या गणितात त्यांचं मोल फार.

सूर्य मधोमध आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये छापला गेला. त्यानंतर हळूहळू कसोटी बदलली. सूर्याभोवती फिरतो तो ग्रह, असं ठरत गेलं. सूर्य यादीतून गेला, चंद्र पृथ्वीचा उपग्रह झाला आणि आपली पृथ्वी, जी आधी कुठल्याच यादीत नव्हती, ती ग्रह झाली. मला हा बदल फार मोठा वाटतो. शब्द तोच राहिला आणि आपण त्याच्या आत जाऊन बसलो.

तेव्हा ‘पूर्वीचे लोक चुकीने सूर्याला ग्रह म्हणत’ असं वाक्य पुस्तिकेत घालू नका, ही विनंती. त्यांची कसोटी डोळ्यांनी तपासता येण्यासारखी होती आणि ती त्यांनी काटेकोर पाळली. मुलीला सांगा : पूजेतला ग्रह म्हणजे ‘तारकांमधून सरकणारा’, पुस्तकातला ग्रह म्हणजे ‘सूर्याभोवती फिरणारा’.

खगोलवेडा :
यात एक भर. ‘सूर्याभोवती फिरणारा’ एवढं आता पुरत नाही. १८०१ मध्ये सेरेस सापडला तेव्हा त्याला ग्रहच म्हटलं होतं. पुढे तशीच पुष्कळ लहान पिंडं सापडत गेली, तेव्हा ‘लघुग्रह’ हा वेगळा वर्ग करावा लागला. प्लूटोच्या बाबतीत हीच गोष्ट पुन्हा घडली. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तीन अटी ठरवल्या : सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या गुरुत्वामुळे जवळपास गोल व्हावं आणि आपल्या कक्षेचा परिसर इतर पिंडांपासून मोकळा केलेला असावा. तिसरी अट प्लूटोला पूर्ण करता येत नाही. म्हणून तो ‘बटुग्रह’.

हा मराठी शब्द मला मनापासून आवडतो. हिंदीत ‘बौना ग्रह’ म्हणतात. आपल्याकडे बटू म्हटलं की मुंजीतला मुलगा किंवा वामन डोळ्यांपुढे येतो. लहान आहे, पण त्यात खोट काढलेली नाही. ‘श्वेतबटू’ हा ताऱ्याचा प्रकारही तसाच : सूर्यासारखा तारा विझत आला की पृथ्वीएवढा होऊन उरतो, तो.

गावरान :
शहरातल्या मंडळींनी नक्षत्राला हात घालायच्या आधी मी लिहितो, कारण आमचं पीकपाणी त्यावर चालतं.

आम्ही ‘मृग लागला’ म्हणतो तो साधारण ७-८ जूनला. रोहिणीच्या सरी पडून गेलेल्या असतात, मृगात पेरणीची घाई, मग आर्द्रा, आणि पाऊस सरता सरता हत्तीचा धिंगाणा. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतं. माझा नातू शहरात शिकतो. त्याने मोबाइलमधल्या आकाशाच्या नकाशात बघून विचारलं, ‘आजोबा, मृग लागला म्हणता, पण आज रात्री तर मृग आकाशात नाहीच.’ मी अख्खं आयुष्य मृग बघत आलोय, पण थंडीत, राखणीला शेतात झोपायचो तेव्हा. जूनमध्ये तो का दिसत नाही, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इथे कुणीतरी नीट सांगा.

खगोलवेडा :
आजोबा, नातवाने फार मोलाचा प्रश्न विचारलाय. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगात आला. सूर्य ज्या तारकांपाशी असतो, त्या तारका दिवसा त्याच्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात. मृग तेव्हाही डोक्यावर असतोच, पण भर दुपारी. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या अंगाला गेली की तोच मृग रात्रभर दिसतो. म्हणजे जे नक्षत्र लागतं, ते त्या दिवसांत दिसत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मुलांना पटवायला याहून घरचं उदाहरण मला ठाऊक नाही.

पंचांगातलं ‘आजचं नक्षत्र’ हे मात्र चंद्राचं असतं. ते साधारण रोज बदलतं, कारण चंद्र सुमारे २७ दिवसांत पूर्ण फेरी करतो. शेतकऱ्याचं नक्षत्र सूर्याचं आणि जन्मनक्षत्र चंद्राचं. घर एकच, पाहुणे दोन.

शब्दवेल्हाळ :
‘घर’ हा शब्द इथे चपखल आहे. नक्षत्राचे मराठीत निदान तीन अर्थ चालतात.

सगळ्यात जुना, म्हणजे नुसता तारा. धूमकेतूला आपण ‘शेंडेनक्षत्र’ म्हणतो ते त्या अर्थाने. ‘नक्षत्रासारखी मुलगी’ यातही तोच. दुसरा, म्हणजे मोजमापाचा : ३६० अंशांच्या वर्तुळाचे २७ सारखे भाग, प्रत्येकी १३ अंश २० कला. रास ३० अंशांची, म्हणून एका राशीत सव्वादोन नक्षत्रं. हे मैलाच्या दगडांसारखे भाग आहेत, त्यांना आकार नाही. तिसरा, म्हणजे त्या भागातला ओळखीचा तारकापुंज : कृत्तिकांचा झुबका, मृगाची चौकट.

आता जगभर वापरतात ते ८८ ‘तारकासमूह’, ते वेगळेच. त्यांच्या सीमा १९३० च्या सुमारास नकाशावर आखल्या गेल्या आणि त्यांनी अख्खं आकाश वाटून घेतलं. ‘मृग तारकासमूह’ म्हणजे तसला एक तुकडा. पुस्तिकेत ‘८८ नक्षत्रे’ असं लिहिलंत तर मात्र गोंधळ होईल. नक्षत्रं सत्तावीस, तारकासमूह अठ्ठ्याऐंशी.

जाता जाता : ‘शुक्रतारा’ तारा नाही, ग्रह आहे. ‘तारा तुटला’ तेव्हा तुटते ती उल्का. आणि उल्का जळून न संपता जमिनीपर्यंत पोचली तर तिला ‘अशनी’ म्हणायचं. लोणारला पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद खड्डा पडला तो अशनीमुळे. बोलताना शुक्रतारा खुशाल म्हणावं. इतका सुंदर शब्द व्याख्येपायी कशाला घालवायचा?

पाटीपेन्सिल :
मृगाचं उत्तर वर्गात सांगितलं. दोन मुलांनी घरी जाऊन आजीला समजावलं म्हणे. आता आकाशगंगा घ्या. वर्तमानपत्रात ‘दुर्बिणीने हजारो आकाशगंगा टिपल्या’ असं सर्रास येतं.

अवकाशी :
माझं मत ठाम आहे : आकाशगंगा एकच, आपली. बाकीच्या ‘दीर्घिका’, म्हणजे ताऱ्यांचे तसलेच प्रचंड समूह. जसा सूर्य आपला आणि बाकीचे तारे.

हट्ट कशासाठी, ते सांगतो. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत नेमका हाच वाद चालला होता. देवयानी तारकासमूहात अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनी एक धुरकट ठिपका दिसतो. त्याला ‘अभ्रिका’ म्हणायचे, म्हणजे ढगासारखं काहीतरी, आणि ते आपल्या आकाशगंगेतच आहे असं पुष्कळांना वाटायचं. हेन्रिएटा लेविट या खगोलशास्त्रज्ञ बाईंनी एका जातीच्या रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या, ताऱ्यांचा नियम शोधून ठेवला होता : तेज कमीजास्त व्हायला जितका वेळ जास्त, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. १९२३ मध्ये एडविन हबलला त्या ठिपक्यात तसला तारा सापडला. त्यावरून अंतर काढलं, तर ते आकाशगंगेच्या पार बाहेरचं निघालं. आजच्या मोजणीने ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं आहे. आकाशगंगेचा व्यास धरतात सुमारे एक लाख. तो ढग नव्हता, दुसरा संसार होता. त्या शोधानंतर जातीसाठी एक नाव आणि आपल्यासाठी एक नाव, अशी दोन नावं लागली. मराठीत ती दोन्ही आहेत. मग ती एकात एक कशाला मिसळायची?

खगोलवेडा :
तर्क मान्य. पण सातवीच्या मुलाला ‘दीर्घिका’ जड जातं. ‘गॅलेक्सी’ त्याला फोनमुळे ठाऊक असतं. तोच शब्द देवनागरीत लिहिला तर काय बिघडलं? मी आकाशदर्शनाला नेतो तेव्हा दीर्घिका म्हटलं की चेहरे कोरे होतात.

शब्दवेल्हाळ :
चेहरे कोरे होतात, कारण शब्दाची ओळख कुणी करून देत नाही. दीर्घिका म्हणजे संस्कृतात लांबट तळं, राजवाड्याच्या उद्यानात असायचं तसलं. ग्रीकांना त्या पांढऱ्या पट्ट्यात दूध दिसलं, आपल्या लोकांना गंगा दिसली. घडवणाऱ्याच्या मनात काय होतं ते असो, पण आपली ती नदी आणि लांबची ती तळी, हे चित्र मुलांपुढे ठेवून बघा. एकदा चित्र बसलं की शब्द जड राहत नाही.

मला काळजी दुसऱ्या शब्दाची आहे. ‘विवर’. चंद्रावरचं विवर, लोणारचं विवर आणि ‘कृष्णविवर’. पहिली दोन म्हणजे जमिनीतले खड्डे. तिसरं खड्डाही नाही आणि भोकही नाही. तिथे अफाट वस्तुमान इवल्या जागेत दाबलेलं असतं, इतकं की प्रकाशालाही निसटता येत नाही. तोच शब्द दोन पानांच्या अंतराने आला तर मुलं चंद्रावर कृष्णविवर शोधतील. चंद्रासाठी सरळ ‘खड्डे’ लिहा.

गावरान :
प्रकाशवर्ष म्हणजे वर्षंच ना? आमच्या इथल्या भाषणात ऐकलं, ‘लाखो प्रकाशवर्षांपूर्वी’.

अवकाशी :
नाही आजोबा, ते अंतर आहे. ‘तालुक्याचं गाव एसटीने दोन तासांवर’ असं आपण म्हणतो, तेव्हा तासांत सांगतो ते अंतरच. फक्त एसटीच्या जागी प्रकाश घ्या. चंद्र सव्वा सेकंदावर, सूर्य आठ मिनिटं वीस सेकंदांवर, सूर्यानंतरचा सगळ्यांत जवळचा तारा सव्वाचार वर्षांवर. एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. ‘प्रकाशवर्षांपूर्वी’ हे ‘दहा किलोमीटरांपूर्वी’ म्हटल्यासारखं झालं.

आता ताईंचा महास्फोट. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना ‘बिग बँग’ हे मूळ इंग्रजी नाव वापरलं आणि त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. आपले जयंत नारळीकर हॉइल यांचेच विद्यार्थी. त्यांनीही अखेरपर्यंत या सिद्धांताला प्रश्न विचारले. विरोधकाने दिलेलं नाव चिकटलं, आणि मराठीत आणताना ‘स्फोट’ने गैरसमज आणखी पक्का केला. स्फोट म्हटलं की आधी मोकळी जागा आली, तिच्यात एक ठिकाण आलं आणि तिथून उडालेले तुकडे आले. सिद्धांतात यातलं काहीच नाही. जागाच ताणली जाते.

मी इडलीच्या पिठाचं उदाहरण देतो. पिठात मेथीचे दाणे सुटे टाकलेत असं समजा. रात्री पीठ फुगतं. प्रत्येक दाण्याला वाटेल की बाकीचे आपल्यापासून लांब चाललेत, आणि जो जितका दूर तो तितका झपाट्याने. पिठाचा मधला दाणा कुठला, याला अर्थ उरत नाही. फक्त पातेलं विसरायचं, कारण विश्वाला काठ असल्याचं कुठे दिसलेलं नाही. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेत ताणला जाऊन लाल रंगाकडे सरकतो, त्याला ‘ताम्रसृती’ म्हणतात. मराठी परिभाषेतला माझा सगळ्यांत लाडका शब्द. मुलांना सांगायचं असेल तर ‘स्फोट कुठे झाला’ याचं उत्तर : सगळीकडे. तुम्ही बसला आहात तिथेही, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी.

पाटीपेन्सिल :
शीर्षक बदललं : ‘फुगत जाणारं विश्व’. महास्फोट हा शब्द आत, खुलाशासह. दीर्घिका ठेवते, तळ्याच्या चित्रासकट.

गावरान आजोबा, एक राहिलं. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना तुमच्याकडे काय म्हणतात?

गावरान :
तिकांडं. तिकांडं किती वर आलंय, ते बघून रात्र किती सरली ते कळायचं.

शब्दवेल्हाळ :
आजोबा, ऐतरेय ब्राह्मणात रोहिणीमागे धावणाऱ्या प्रजापतीला बाण मारल्याची कथा आहे, आणि तो बाण ‘त्रिकांडा’ आहे, तीन कांडांचा. तुमचा शब्द तिथला आहे. ताई, हा पुस्तिकेत पहिल्या पानावर घ्या.