मदत हवी आहे: पायथनची बॅकअप स्क्रिप्ट रोज सगळंच पुन्हा कॉपी करते

नमस्कार मंडळी. पंचवटीत मामांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत रोज ढीगभर फोटो येतात आणि बॅकअप म्हणजे मामांच्या भाषेत "राहिलं बघ, उद्या करू". म्हणून मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली.

आधी पायथनच्या शटिल मॉड्यूलमधलं कॉपीट्री (अख्खं फोल्डर कॉपी करणारं फंक्शन) वापरलं. दुसऱ्या दिवशी फोल्डर आधीच आहे म्हणून एरर. पायथन ३.८ पासून डर्स_एक्झिस्ट_ओके (फोल्डर आधीच असलं तरी चालेल) हा पर्याय आलाय, पण त्याने सगळं परत कॉपी होतं. मग प्रत्येक फाइलचा आकार आणि बदलाची वेळ ताडून, फरक असेल तरच कॉपी२ने (बदलाच्या वेळेसकट एक फाइल कॉपी करणारं शटिलचंच फंक्शन) उचलायची असं केलं. तरी साधारण निम्म्या फाइल रोज नव्याने जातात! हात न लावलेल्यासुद्धा. रात्री लावलेलं काम सकाळी दुकान उघडेपर्यंत चालूच.

संशय बॅकअपच्या डिस्कवर आहे. ती जुनी, फॅट३२ (फाइल साठवण्याची जुनी पद्धत) असलेली. त्यात वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते. मग दोन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून दिला तर चालेल का? की हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढूनच ताडू? ३०० जीबी वाचायचे म्हणजे त्यालाही रात्र जाणार.

४ जीबीपेक्षा मोठे व्हिडिओ तिच्यावर बसतच नाहीत, तेव्हा डिस्क एनटीएफएस (विंडोजची नवी पद्धत) करावीच लागेल. पण फॉरमॅट न करता, आतला डेटा राखून ते कुणी केलंय का? रोबोकॉपीचा (विंडोजमधली कॉपीची कमांड) मिरर पर्याय कृपया सुचवू नका. मूळ फोल्डरमधून चुकून उडालेलं तो बॅकअपमधूनही उडवतो, आणि मामांचा डिलीटवरचा हात फार सढळ आहे.