आमचा तिसरा मजला रोज ३३ मीटर वर-खाली होतो का?

तिसरा_मजला

मंडळी, प्रश्न हसण्यासारखा आहे, पण आठवडाभर डोकं खातोय.

एप्रिलमध्ये एक जुना फोन घेतला. काच तडकलेली, ३,२०० रुपये. घ्यायचं कारण एकच, त्यात हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे. माझ्या रोजच्या, चांगल्या चौपट महाग फोनात तो नाही. कॅमेरे मात्र चार दिलेत! त्यावर फायफॉक्स टाकलं. जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाचं हे फुकट अ‍ॅप २०१६ पासून आहे. फोनमधले सेन्सर काय मोजतात ते सरळ दाखवतं आणि आकड्यांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइलही काढून देतं.

पहिले काही दिवस नुसती चैन केली. लिफ्टनं तळमजल्यापासून तिसऱ्यापर्यंत आलो की दाब एक हेक्टोपास्कलनं (हे हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो, म्हणजे साधारण ९ मीटर. अगदी मजले मोजून घ्या. मग फोन खिशात टाकून आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढलो. आलेखात चढण तिरकी आणि जिथं ताक प्यायला टेकलो तिथं रेघ आडवी. घरी सांगितलं होतं दोनदा थांबलो, आलेख म्हणतो तीनदा.

आता मूळ प्रश्न. मागच्या आठवड्यात फोन चार्जरला लावून देवघराशेजारच्या फडताळात ठेवला आणि रात्रंदिवस मोजत राहू दिला. कोथरूडमधलं घर आहे, तिसरा मजला, घराला पाय फुटलेले नाहीत. तरी हे आकडे बघा, हेक्टोपास्कलमध्ये:

सकाळी १० : ९४१.२
दुपारी ४ : ९३७.४
रात्री १० : ९४०.२
पहाटे ४ : ९३८.६

याच आकड्यांवरून उंची दाखवणारं दुसरं अ‍ॅप सकाळी ६१८ मीटर म्हणतं आणि दुपारी चारला ६५१. म्हणजे चहाच्या वेळेपर्यंत घर अकरा मजले वर चढतं आणि रात्री जेवणं उरकली की परत खाली येतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पाऊस नाही, वादळ नाही, आभाळ कोरडं ठणठणीत. सेन्सर बिघडलाय का?

कटिंग_चहा

३,२०० मध्ये काय सोन्याचा सेन्सर मिळणार! दुपारी तापत असेल, म्हणून दाब कमी दाखवतोय. फोन मटक्याशेजारी ठेवून बघा.

तिसरा_मजला

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पहाटे चारला पुन्हा उतरतो त्याचं काय? तेव्हा घरात सगळ्यात गार असतं. शिवाय काल लेकीचा फोन रात्रभर आणि दिवसभर शेजारी ठेवला (तिची परवानगी मिळवणं हाच मोठा प्रयोग). दोघांच्या आकड्यांत जवळपास एका हेक्टोपास्कलचा फरक आहे, पण आकार तंतोतंत तोच. दोन फोन एकाच वेळी एकसारखे कसे बिघडतील?

पारा_नळी

तुमचा फोन ठणठणीत आहे. मी हवामानाच्या नोंदी घेण्यात हयात घालवली. दाब मोजायच्या पाऱ्याच्या नळीवर हात बसला आणि बॅरोग्राफच्या, म्हणजे दाबाची रेघ आपोआप काढणाऱ्या यंत्राच्या, ड्रमावर आठवड्याचे कागद गुंडाळले. तुम्ही लिहिलेत तेच चार आकडे त्या कागदावर दोन उंचवटे आणि दोन खळगे होऊन रोज उमटायचे. दहाला चढ, चारला उतार, पुन्हा दहाला चढ, चारला उतार. नव्या पोरांना आम्ही आधी हेच दाखवायचो, नाहीतर दुपारचा उतार बघून ती वादळाची भाषा बोलायची.

ही वातावरणाची भरती-ओहोटी. समुद्राची चंद्रामुळे येते, ही मुख्यतः सूर्याच्या उष्णतेनं येते. वरच्या थरांतला ओझोन आणि खालच्या हवेतली वाफ ऊन शोषतात, हवा तापते, फुगते, आणि त्या धक्क्याची लाट सूर्यामागोमाग पृथ्वीभोवती फिरते.

आता विचाराल की सूर्य दिवसातून एकदा तापवतो, मग लाटा दोन का? दिवसभर ऊन आणि रात्रभर शून्य, हा चढउतार गुळगुळीत नसतो. त्याची फोड केली तर २४ तासांच्या लयीबरोबर १२ तासांचीही लय निघते. २४ तासांची लय वरून खाली येता येता स्वतःलाच बरीच खोडून टाकते. १२ तासांची तशी खोडली जात नाही, ती जमिनीपर्यंत ठणठणीत पोचते.

आपल्या उष्ण पट्ट्यात हे स्पष्ट दिसतं. युरोपात येणाऱ्या-जाणाऱ्या वादळांचे चढउतार इतके मोठे असतात की त्यात ही लय बुडून जाते. म्हणून तर जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्ट दक्षिण अमेरिकेत गेला तेव्हा बॅरोमीटरचा (दाबमापकाचा) हा नेमस्तपणा बघून चकित झाला होता.

एक कामाची गोष्ट. सकाळच्या दाबाची दुपारच्या दाबाशी तुलना कधीच करू नका. आम्ही आज साडेआठच्या दाबातून काल साडेआठचा दाब वजा करायचो. लय आपोआप गळून पडते, उरतं ते खरं हवामान.

आणि ते उंचीचं अ‍ॅप समुद्रसपाटीवरचा दाब कायम १०१३.२५ धरतं. मे महिन्यात आपल्याकडे तो तेवढा नसतोच, म्हणून पुण्याची उंची तुम्हाला फुगलेली दिसते.

रेघोट्या

काकांनी मन जिंकलं. आता माझी तक्रार. तुम्ही खाली जोडलेला आलेख बघून डोळ्यांत पाणी आलं. उभा अक्ष शून्यापासून हजारपर्यंत! अहो, त्यात चार हेक्टोपास्कल म्हणजे रेघेच्या जाडीत गेले. अक्ष शून्यापासून घ्यायचा नियम खांबांच्या आलेखासाठी आहे, कारण खांबाची लांबी आपण डोळ्यांनी मोजतो. रेघेत आपण चढ-उतार बघतो. ९३५ ते ९४३ घ्या. पण अ‍ॅपवर सोडू नका, ते अक्ष आपोआप ताणतं. मग कुणी दार आपटलं तरी हिमालय दिसतो.

दुसरं म्हणजे दिवस एकापुढे एक लावू नका, एकावर एक ठेवा. आडव्या अक्षावर फक्त ० ते २४ तास. प्रत्येक दिवसाची फिकट राखाडी बारीक रेघ आणि सगळ्यांची सरासरी जाड, गडद. दर सेकंदाला एक नोंद असेल तर दिवसाला ८६,४०० ओळी होतात, त्या आधी दहा-दहा मिनिटांच्या सरासरीवर आणा. चित्र डेटारॅपर या आलेख काढायच्या साधनात काढा, ब्राउझरमध्येच चालतं, फुकट. रंगपट्टीचा मोह झाला तर दिवसाला एक ओळ, तासाला एक घर असा तक्ता करा. फक्त ते इंद्रधनुष्यी रंग नकोत. पिवळा पट्टा उगाच उठून दिसतो आणि जिथं काही नाही तिथं पायरी असल्याचा भास होतो.

तिसरा_मजला

१९ दिवस झाले. आलेख जोडलाय, या वेळी शिव्या कमी द्या.

अठरा रेघा एकमेकींना चिकटून एकाच वळणानं जातात. थोड्या वर, थोड्या खाली, पण दहा-चार-दहा-चार कुणी चुकवत नाही. एकोणिसावी मात्र संध्याकाळी पावणेसहाला भिंतीसारखी सरळ वर उडालीये, काही मिनिटांत जवळपास दोन हेक्टोपास्कल. तारीख पाहिली, तर तो वळवाचा दिवस. गच्चीवरचा पत्रा गेला, वीज गेली, वाय-फाय गेलं. बॅटरीवर चालणारा हा तडकलेला फोन तेवढा नोंद घेत राहिला. पाऱ्याच्या नळीवाले काका, वादळात दाब उतरतो ना? इथं चढला कसा?

पारा_नळी

उतरतो तो चक्रीवादळात. वळवाच्या ढगाखाली पावसानं गार झालेली हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर पसरते. गार हवा जड, म्हणून दाब चढतो. पाऊस यायच्या आधी अंगावर आलेला तो गार वारा आठवतोय ना? तीच. झकास पकडलीत.

तिसरा_मजला

आठवतोय. कपडे काढायला गच्चीवर धावलो होतो.

शेवटचं विचारतो. सूर्याची लाट दिसली, मग चंद्राचीही दिसेल का?

पारा_नळी

असते. पण ती एका हेक्टोपास्कलच्या दहाव्या भागाहूनही लहान. तुमच्या घरातलं दार त्याहून जास्त हलवत असेल. जुन्या लोकांनी वर्षानुवर्षांच्या दर तासाच्या नोंदी चंद्राच्या वेळेप्रमाणे लावून सरासऱ्या काढल्या, तेव्हा कुठे ती वर आली. फोन काही वर्षं त्याच जागी, न हलवता ठेवता येईल का?

तिसरा_मजला

सौ.ना विचारलं. फडताळ दिवाळीच्या साफसफाईपर्यंतच मिळेल.