बांधाच्या भांडणात सुन त्झूचा काय उपयोग?

धागाकर्ता
सुन त्झू या प्राचीन चिनी सेनापतीच्या नावावर असलेल्या तेरा प्रकरणांच्या युद्धग्रंथातून 'युद्ध म्हणजे फसवणूक' एवढेच एक वचन व्याख्यानांत इतके फिरवले जाते की, तो ग्रंथ कपटाची पोथी आहे असा समज होतो. माझ्या मते तो मुळात खर्चाचा हिशेब मांडणारा ग्रंथ आहे. एक लाखाच्या सैन्याला रोज हजार सुवर्ण लागते आणि लांबलेल्या युद्धाने कोणत्याही राज्याचे भले झालेले नाही, असे दुसरे प्रकरण सांगते. तेराव्या प्रकरणात तर अशा मोहिमेपायी सात लाख कुटुंबांची कामे खोळंबतात, हेही तो मोजतो. आमचा चुलत्यांशी बांधावरून अकरा वर्षे दावा चालला. वकिलाची फी, मोजणीचा खर्च आणि तारखांपायी बुडालेले दिवस यांची बेरीज मी पुढे केली, तेव्हा ती वादातल्या दीड गुंठ्याच्या किमतीहून जास्त भरली. दावा लावण्याआधी हे दुसरे प्रकरण घरात कोणी वाचायला हवे होते.

प्रतिसाद १
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे कळण्यासाठी चीनपर्यंत जाण्याची गरज नाही. शिवाय आपण म्हणता तो नियम सरसकट लावला तर काय होते, हे चिनी इतिहासातच दिसते. इ.स.पू. 260 मध्ये चांगपिंग येथे झाओ राज्याचा अनुभवी सेनापती ल्यान फो तटबंदीआड थांबून चिन या शत्रुराज्याच्या सैन्याला थकवत होता. राजाला हे लांबण सोसवेना, म्हणून त्याने झाओ क्वो या ग्रंथपंडित तरुणाला नेमले. या नेमणुकीला खुद्द त्याच्या आईने विरोध केला होता. त्याने चढाई केली, तो वेढला गेला, 46 दिवस रसद तुटली आणि अखेरीस तो मारला गेला. शरण आलेल्या लाखो सैनिकांची कत्तल झाली, असे इतिहासकार सिमा च्यान लिहितो (आकडा फुगवलेला असू शकतो). 'युद्ध लांबवू नका' हे वचन त्या राजाच्या उतावळेपणालाही सोयीचेच होते. पुराणातली वांगी पुराणातच बरी.

धागाकर्ता
हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ल्यान फोजवळ थांबण्याचे बळ होते की नाही, हे मोजायला हवे होते. आणि मोजा, हेच तर पहिले प्रकरण सांगते.

प्रतिसाद २
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. या ग्रंथात समोरचा माणूस शत्रू आहे आणि आपला माणूस साधन आहे. अकराव्या प्रकरणात सेनापतीने सैनिकांना अंधारात ठेवावे, उंचावर चढवून शिडी काढून घ्यावी, मेंढरांच्या कळपासारखे इकडून तिकडे हाकावे, असे स्पष्ट लिहिले आहे. आमच्या कार्यालयातल्या एका वरिष्ठांनी हाच उपाय केला: विभाग बंद होणार हे ठाऊक असताना, लोकांनी जीव तोडून काम करावे म्हणून ते शेवटच्या आठवड्यापर्यंत लपवून ठेवले. काम झाले खरे; पण त्या माणसांपैकी कोणी आज त्यांचा फोन उचलत नाही. सैनिकाला शिडीविना वर ठेवणारा सेनापती पुढच्या मोहिमेत नवे सैनिक आणू शकतो. भाऊ, शेजारी आणि सहकारी यांची अशी भरती होत नसते.

प्रतिसाद ३
अकरावे प्रकरण घरात आणू नये, हे खरेच. पण त्यामुळे तिसरे आणि सातवे टाकून देण्याचे कारण नाही. 'स्वतःला आणि शत्रूला ओळखा' या वचनाचा शेवट बहुतेक जण 'शंभर लढायांत विजय' असा सांगतात. मूळ चिनी वाक्य मात्र 'शंभर लढायांत धोका नाही' एवढेच म्हणते, आणि हा फरक लहान नाही. तिसऱ्या प्रकरणात शत्रूचे राज्य उद्ध्वस्त करण्यापेक्षा अखंड हाती येणे श्रेष्ठ ठरवले आहे, तर सातव्यात वेढलेल्या सैन्याला निसटायला एक वाट मोकळी सोडावी, असा सल्ला आहे. धागाकर्त्यांना विचारतो: आपण चुलत्यांना अशी वाट ठेवली होती का?

धागाकर्ता
नव्हती. निकाल आमच्या बाजूने लागला, बांध सरकला आणि दीड गुंठा आमच्या नावावर झाला. त्या शेताला पाणी मात्र पूर्वी चुलत्यांच्याच विहिरीवरून येत असे. निकालानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी पाट बुजवला.