अनुभव धागा: यूएमडी, कार्ट्रिज आणि आता नुसतं डाउनलोड

तिसरा_मजला

बहिणीने अमेरिकेहून भाच्यासाठी निन्टेन्डोचा स्विच २, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, आणलाय. काल त्याने मोठ्या हौसेने गेमचा खोका फोडला, आतलं इवलंसं कार्ड सरकवलं, तर पडद्यावर सूचना: आधी गेम डाउनलोड करा. खोक्यावर खालच्या बाजूला तसं छापलेलंही आहे. कार्डात गेम नाहीच, फक्त त्याची किल्ली. गेम-की कार्ड म्हणतात याला, २०२५ मध्ये स्विच २ बरोबर आलं. पोरगं वायफायकडे बघत बसलं आणि मला पीएसपी आठवली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: सोनीची पीएसपी, हातात धरून गेम खेळायचं यंत्र, जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ ला आली. गेम यूएमडीवर यायचे. ६० मिलिमीटरची चकती, प्लॅस्टिकच्या कवचात कायमची बंद, त्यात जास्तीत जास्त १.८ जीबी मावायचं. मागचं झाकण टक्कन उघडायचं, चकती आत ठेवून बंद केलं की घर्रर्र आवाज सुरू. मग १ ऑक्टोबर २००९ ला अमेरिका-युरोपात पीएसपी गो आली. तिला चकतीची जागाच नव्हती. आत १६ जीबी मेमरी, गेम सगळे डाउनलोडचे. जुन्या चकत्या देऊन त्याच गेमचं डाउनलोड मिळावं अशी लोकांची अपेक्षा होती, ती सोय काही झाली नाही. वर किंमत २५० डॉलर, तेव्हा चकतीवाली पीएसपी ३००० मालिका १७० ला मिळत होती. २०११ मध्ये गो बंद पडली. पण तिने जे सुरू केलं ते आता सगळीकडे आहे.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत चौघांकडे पीएसपी होती आणि गेम सगळ्यांचे मिळून. एकाने टेकन घ्यायचा, दुसऱ्याने गॉड ऑफ वॉर, मग चकत्या जिन्यातून वर-खाली फिरायच्या. परीक्षा जवळ आली की सगळ्या एकाच्या आईच्या कपाटात जमा. आत्ताचे गेम कितीतरी सुंदर आहेत, भाच्याबरोबर मीही खेळतो. पण त्याने पैसे भरून घेतलेला गेम तो शेजारच्या मुलाच्या हातात ठेवू शकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्याकडे काय होतं, काय राहिलं, काय गेलं, लिहा.

कोकमसार

मम (माझंही तेच)! तो घर्रर्र आवाज अजून कानात आहे. आमच्या घरी रात्री पांघरुणात खेळताना त्या आवाजावरूनच आई पकडायची.

खिडकीतला

छान धागा. एक दुरुस्ती. गेम-की कार्ड दुसऱ्याला देता येतं. खेळताना कार्ड आत असावं लागतं, त्यामुळे ज्याच्या हातात कार्ड त्याचा गेम. भाच्याला सांग, मित्राला खुशाल दे, मित्राला त्याच्या यंत्रावर उतरवून घ्यावा लागेल एवढंच. खरी अडचण पुढे, कंपनीचे सर्व्हर बंद झाल्यावर. तेव्हा नुसती किल्ली घेऊन काय करणार?

तिसरा_मजला

@खिडकीतला, हे माहीत नव्हतं, भाचा खूश होईल. सर्व्हरबद्दल पटलं.

लोकल_८_१२

लॅमिंग्टन रोड कुणीच कसा नाही आणला? ग्रँट रोडला उतरायचं, चालत जायचं, ठरलेल्या दुकानात पिशवीतून खेळून झालेल्या दोन यूएमडी काढून काउंटरवर ठेवायच्या. दुकानदार एकेक उलटी करून दिव्याखाली धरायचा, मागच्या खिडकीतून ओरखडे बघायचा. मग "ये चलेगा, दो सौ ऊपर दे दो" आणि नवीन गेम घेऊन घरी. कॉलेजात खिशात पैसे नसतानाही वर्षभर नवे गेम खेळलो ते या अदलाबदलीवर. एक गेम विकत घेतला की त्यातून पुढचे चार निघायचे. आता डाउनलोडने विकत घेतलेला गेम कंटाळा आला म्हणून विकता येत नाही, तो तिथेच पडून राहतो. कमी पैशात खेळणाऱ्या मुलांचं यात सगळ्यात जास्त नुकसान झालंय आणि त्यावर फार कुणी बोलत नाही.

गव्हाची_खीर

+१ शेवटच्या दोन वाक्यांना. बाकी डब्यातून लिहितेय, ठाणे आलं, नंतर सविस्तर.

सांगलीकर_काकू

मला यातलं काही कळत नाही पण वाचायला मजा येतेय. आमच्या चिरंजीवांकडे ते होतं काळं यंत्र. दिवाळीत फराळाच्या डब्यात चकत्या लपवल्या होत्या मी. चकलीच्या डब्यात कोण बघणार म्हणून. त्याला पहिल्याच दिवशी सापडल्या, कारण पहिला डबा त्याने चकलीचाच उघडला.

कोकमसार

काकू, चकलीच्या डब्यात लपवणं म्हणजे चोराच्या हातात किल्ल्या. भाजणीचं प्रमाण द्या ना, मागच्या धाग्यात देते म्हणाला होतात.

सांगलीकर_काकू

देते गं, भाजी फोडणीला टाकलीय.

नाशिकचा_निनाद

माझ्याकडे पीएसपी गो होती. काकांनी दुबईहून आणलेली. इथे फारच थोड्यांकडे असेल. दिसायला अतिशय देखणी, पडदा वर सरकवला की खाली बटणं, शर्टाच्या खिशात मावायची. मित्रांच्या पीएसपीपुढे ती हातात धरून मिरवलोय.

पण डाउनलोड कसं व्हायचं ते ऐका. घरी २५६ केबीपीएसचं कनेक्शन. म्हणजे सगळं नीट चाललं तर सेकंदाला ३२ केबी, एक जीबीला नऊ तास. आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजत नसत, म्हणून दोनचा गजर लावून उठायचं, डाउनलोड सुरू करायचं, झोपायचं. मोठा गेम दोन-तीन रात्री चालायचा. मध्ये लाईट गेली की पहाटे उठून बघायचं कुठपर्यंत आलं. बाबांना वाटायचं पोरगा अभ्यासाला उठतोय.

पीएसपी गोची एक गोष्ट मात्र मला फार आवडायची. गेम जिथे आहे तिथे गोठवून दुसरा गेम खेळता यायचा आणि नंतर पहिला तिथूनच पुढे. आणि मिनीज नावाचे छोटे गेम तिच्याबरोबरच सुरू झाले, १०० एमबीच्या आतले. ते एका रात्रीत यायचे, त्यामुळे मी खरं तर तेच जास्त खेळलो. कल्पना चांगलीच होती. आपल्याकडे तेव्हा तिला लागणारं इंटरनेट नव्हतं.

बोटीवरचा

दुसरी बाजू मांडतो. मी मर्चंट नेव्हीत आहे, महिनोन्महिने समुद्रावर. मला डाउनलोडने जगवलं असं म्हणायला हरकत नाही. पूर्वी सामानात चकत्यांच्या डब्यांचा वेगळा पाऊच असायचा. बोट हलली की डब्या बंकखाली, एखादी इंजिन रूमकडे घरंगळत गेलेली. खाऱ्या हवेने यूएमडीचं कवच चिकटवलेल्या जागी सुटायचं, पारदर्शक भाग वेगळा, चकती वेगळी. फेव्हिक्विकचा एकेक थेंब कडेला लावून कितीतरी वाचवल्यात मी. थेंब जास्त झाला की चकती फिरायची थांबते, म्हणून टाचणीच्या टोकाने लावायचा.

आता सुट्टीत घरच्या वायफायवर सगळं उतरवून घेतो आणि निघतो. एका यंत्रात माझी सगळी लायब्ररी. निघण्यापूर्वी प्रत्येक गेम विमान मोडवर एकदा उघडून बघायचा हा नियम, कारण काही गेम उघडतानाच इंटरनेट मागतात आणि ते भर समुद्रात कळून उपयोग नाही. वाटून खेळण्याचं म्हणाल तर आम्ही अख्खं यंत्रच वाटतो. मेसमध्ये पाळी लागते.

अबोली_सात

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं होत होतं.

माझा धाकटा भाऊ २०१९ मध्ये अपघातात गेला. त्याची पीएसपी आणि चकत्यांचा पाऊच माझ्याकडे आहे. प्रत्येक डबीवर त्याने स्केचपेनने नंबर टाकलेत आणि वहीच्या शेवटच्या पानावर यादी: नंबर, गेम, कुणाकडे दिलाय. माझा मुलगा आता ग्रॅन टुरिस्मो लावतो, मामाने जमवलेल्या गाड्या मेमरी स्टिकवर तशाच आहेत. चौदा नंबर पाऊचमध्ये नाही. यादीत त्याच्यापुढे नुसतं "मंग्या" लिहिलंय. मंग्या कोण, आम्हाला कुणालाच माहीत नाही. पण तो गेम कुणाकडे तरी आहे, कुणीतरी खेळलाय, याचं मला बरं वाटतं.

नंतर त्याने घेतलेलं दुसरं यंत्र होतं, त्यात सगळं डाउनलोडचं. ते बिघडलं, दुरुस्तीत रीसेट झालं. गेम परत उतरवायला त्याचा पासवर्ड हवा, तो कुणाकडे नाही. मदतकेंद्राला मृत्यूच्या दाखल्यासकट लिहिलं. उत्तर आलं, खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. पहिल्या पगारातून घेतलेले गेम होते ते. पैशांचं काही नाही, पण त्यात त्याने अर्धवट सोडलेले खेळ होते.

खिडकीतला

अबोली, काय बोलू. लिहिलंत ते बरं केलंत.

सांगलीकर_काकू

बाळा, पाऊच जपून ठेव. मुलाला खेळू दे भरपूर.

गव्हाची_खीर

अबोलीताई, मेमरी स्टिकवरची सेव्ह फाईल (खेळ कुठवर आला ते त्यात असतं) आजच कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा. पीएसपी यूएसबीने जोडली की पेनड्राइव्हसारखी दिसते, PSP हा फोल्डर उघडून त्यातला SAVEDATA पूर्ण उचलायचा. स्टिक जुनी झाली की न सांगता जाते. अडलं तर इथे विचारा, मी बघते.

अबोली_सात

@गव्हाची_खीर, रविवारी करते. खूप आभार.

एडिसनची_वैशाली

न्यू जर्सीतून. आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीत पुस्तकांशेजारी स्विचच्या कार्ट्रिजचा रॅक आहे. मुलं कार्ड दाखवतात, गेम घरी आणतात, आवडला नाही तर परत. महागडे गेम विकत न घेता माझ्या मुलीने यातून किती खेळलेत. लायब्ररी डाउनलोड केलेला गेम असा देऊ शकत नाही. रॅक रिकामा होत गेला तर तिथे येणाऱ्या मुलांचं काय, हा प्रश्न मला खरंच पडतो.

आणि इथे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये कायदा झाला, २०२५ पासून लागू. डिजिटल गेम किंवा सिनेमा विकताना तुम्ही वस्तू नाही, फक्त परवाना घेताय हे दुकानाने स्पष्ट सांगायचं. निदान घेणाऱ्याला कळेल तरी.

खिडकीतला

वैशालीताईंना जोडून. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, पीएसपीवरून होणारी उरलीसुरली खरेदी २ जुलै २०२१ ला. सोनीच्याच पीएसथ्री आणि व्हीटा या यंत्रांची दुकानंही त्याच सुमारास बंद करणार होते, लोकांनी एवढा आवाज केला की सोनीने ती चालू ठेवली. म्हणजे बोलून उपयोग होतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला: अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विकत मिळतच नव्हते. ज्यांच्या चकत्या-कार्ट्रिज निघाल्या ते निदान जुन्या बाजारात, कुणाच्या माळ्यावर सापडू शकतात. जे फक्त डाउनलोडनेच आले त्यांना माळा नाही.

अर्थात कार्ट्रिजही अमर नाही. जुन्या गेम बॉयच्या पोकेमॉनमध्ये सेव्ह टिकवायला आत बटन सेल असतो, तो संपला की सेव्ह गेली. पण सेल बदलता येतो, थोडं सोल्डरिंग लागतं.

रत्नांग्री_हापूस

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे जुलैत चकत्यांना बुरशी. खिडकीतून पांढरे ठिपके दिसायचे. नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून पाऊचमध्ये टाकायचो. अजून टाकतो.

बोटीवरचा

@रत्नांग्री_हापूस, पुड्या अधूनमधून उन्हात वाळव, नाहीतर उपयोग नाही.

लोकल_८_१२

हा धागा वाचून माझी बाहेर काढली. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलंय. काय करू?

गव्हाची_खीर

आधी बॅटरी काढून घराबाहेर ठेव. टोचू नको, दाबू नको, चार्ज तर अजिबात नको, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेतात तिथे दे. नवी घेताना तुझी पीएसपी १००० मॉडेलची आहे की २०००/३००० ते बघ, जाडी वेगळी असते.

लोकल_८_१२

१००० आहे. जाडजूड. चार्जरही हरवलाय.

गव्हाची_खीर

५ व्होल्टचाच घे, दुसरा लावू नकोस. पुण्यात येणार असशील तर तपकीर गल्लीत विचारू, मला तसंही मिक्सरच्या स्विचसाठी जायचंय.

कोकमसार

काकू, भाजणी???